इमाम मुलाण्याचा ठावठिकाणा

आमच्या साताऱ्याकडची माणसं धाराशिव जिल्ह्यात जातात ती बहुधा तुळजाभवानीला, नाहीतर तिकडं मुलगी दिली असेल तर बारशाला. मी गेले ती एका माणसाची कबर शोधायला. परत आल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय मग, दर्शन झालं का चांगलं?" मी म्हणाले, "झालं." खोटं बोलले असं काही मला वाटत नाही.

नसीमा आणि मी सोलापुरात एकाच शाळेत शिकवायचो, ती गणित आणि मी भूगोल. निवृत्तीनंतर मी गुडघे सांभाळायला लागले आणि नसीमानं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. मोबाइल मधोमध ठेवायचा आणि ऐकत बसायचं. मला ती सोबत नेते, कारण माझं तोंड अखंड चालतं आणि त्यामुळं समोरचा माणूस मोकळा होतो, असं तिचं म्हणणं. ही स्तुती आहे की टोमणा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आठवणी कसल्या, तर रजाकारीच्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा मुलूख तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. देश स्वतंत्र झाला, हा भाग झाला नाही. निजामाचं राज्य राखायला निघालेल्या रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली. त्यांच्याशी लढायला इथली तरुण पोरं सरहद्दीपलीकडं, बार्शीच्या अंगाला, कॅम्प करून राहिली. शेवटी भारताची फौज आली. तिला लोक अजून पोलीस ॲक्शन म्हणतात. रझाकार पळाले, आणि मग त्यांच्या पापाची वसुली गावोगावच्या अशा मुसलमानांकडून झाली की ज्यांनी काही केलं नव्हतं. पहिली गोष्ट लोक चावडीवर सांगतात. दुसरी घरात, दार लोटून.

तामलवाडी

हाजराबी म्हणजे नसीमाच्या आईची मावशी. नसीमा तिला नानी म्हणते. तामलवाडीत हमरस्त्यापासून आत, पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं शेवग्याचं झाड. पंचाऐंशीच्या आसपास वय, अंगानं काडी, पण आवाज असा खणखणीत की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रंही कान टवकारतं. आम्ही बसतो न बसतो तोच तिनं बाजरीच्या भाकरी आणि येसराची आमटी पुढं केली. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. ते आमच्याकडं नसतं. आमच्या आमटीला डाळीचा टेकू लागतो, ही नुसत्या पिठावर उभी. मी तीन वेळा वाटी पुढं केली तेव्हा हाजराबी नसीमाला म्हणाली, "तुजी मैतरीन बोलाय आली का जेवाय?"

जेवण झाल्यावर मात्र तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि मोबाइलकडं न बघता माझ्याकडं बघून बोलायला लागली.

"आमचे अब्बा इमाम मुलाणी. गावची मुलाणकी त्यायच्याकडं. देवीचं बकरं असू दे, नायतर पाटलाच्या लग्नाचं, अब्बाच्या सुरीबिगर कापायचं न्हाय."

हे मला नवीन नव्हतं. आमच्या गावातही मुलाण्यानं कलमा म्हटल्याशिवाय जत्रेचं बोकड पडत नाही, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

"रजाकार आले तवा म्या आठ-नऊ वर्साची," हाजराबी म्हणाली. "त्यायनी पाटलाच्या गोठ्यातली बकरी सोडवून आनली अन् अब्बाला म्हनले, काप. अब्बानं कापली. त्याच दिशी त्यायनी गावातल्या दत्तूदादाच्या थोरल्या भावाला येशीत तोडलं. कुऱ्हाडीनं. दत्तूदादा कॅम्पात गेला म्हून. म्या ह्या डोळ्यांनी बगितलं. घर पेटलं व्हतं त्यायचं, अन् अब्बा हिकडं बकरं सोलीत व्हते. हे बी घे त्या मोबाइलात. निस्तं आमच्यावर झालं तेवडंच घेऊ नको."

मी थक्क झाले. आपल्या बापाच्या बाजूनं बोलायला बसलेली बाई, आणि बापाला नडेल अशी गोष्ट ती आधी सांगत होती.

"मग फौज आली, रजाकार पळाले. कॅम्पातली पोरं हत्यारं हुडकत गावात आली. अब्बाच्या सुऱ्या घावल्या. त्या सुऱ्यांचं मटन समद्या गावानं खाल्लं व्हतं बाई. पर एक मानूस म्हनला न्हाय, की ह्या देवीच्या सुऱ्या हाईत. रजाकाराला बकरं कापून देनारा रजाकारच, असं झालं. अब्बाला वढ्याकडं नेलं. आईनं आमाला घेतलं अन् मागच्या दारानं जी निगाली ती हितं, तामलवाडीला, मामाच्या दारात येऊन पडली."

त्यानंतर ती गावाला गेली नाही. गावातून कुणी आलं नाही. अब्बांचं पुढं काय झालं, ओढ्यात टाकलं की विहिरीत की जाळलं, हे कळलं नाही. आई विचारत विचारत गेली. आता हाजराबीची पाळी.

"बाकी काय नगं मला. कुनाला फाशी द्यायची न्हाय. अब्बा कुठं हाईत तेवडं कळावं. मरायच्या आदी तितं जाऊन फातेहा म्हनावा. दत्तूदादा जित्ता हाय म्हनत्यात. त्याला ठावं असंल. तवा त्याच्या हातात बंदूक व्हती."

आम्ही निघालो तेव्हा तिनं नसीमाच्या हाताला धरून एवढंच सांगितलं, की काय ते खरं आण, गोड करून आणू नको.

येरमाळ्याहून पुढं

दुसऱ्या दिवशी येरमाळ्याला उतरलो. डोंगरावर येडेश्वरीचं देऊळ, खाली हमरस्त्याला हॉटेलं आणि एसट्यांची ये-जा. नसीमानं डोंगराकडं बघून हात जोडले, मी चहाकडं बघून. तिथून काळी-पिवळी जीप धरली. तिच्यात माणसं अशी भरली होती की माझा एक पाय माझाच आहे हे मला उतरल्यावर कळलं. ईट गावाच्या अलीकडं टायर बसलं आणि सगळे खाली उतरले.

ते बरंच झालं म्हणायचं. नाहीतर हा मुलूख मी पाहिलाच नसता. बालाघाटाचा माळ पसरत गेलेला, वर पवनचक्क्या फिरतायत, खाली काळ्या रानात ज्वारी हुरड्याला आलेली. आमच्याकडं डोंगर अंगावर येतात, इथं आभाळ येतं. वस्तीवरच्या बाईनं आगटीत कणसं भाजून आमच्या हातावर हुरडा चोळून दिला, वर तिळाची चटणी. ओळख ना पाळख. मी खात होते आणि मनात येत होतं, ह्याच रानातून एक बाई लेकरं घेऊन पळाली असेल.

गावात

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं भली आहेत आणि त्यांना पाहुण्यांचा त्रास नको.

गावात शिरताच नजरेत भरली ती बकरी. धाराशिवची बकरी काळी आणि देखणी, त्यांचं सगळीकडं नाव आहे. पण ही भलतीच म्हातारी. गुडघे वाकलेले, दाढ्या पांढरट, एक तर आंधळं होतं आणि पारावर ऊन खात बसलं होतं. बकरं इतकं म्हातारं होऊ शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडं त्यांच्यावर तशी वेळ येऊ देत नाहीत. मी बघत उभी राहिले तेवढ्यात त्यातल्या एकानं माझ्या पिशवीत तोंड घालून हाजराबीनं बांधून दिलेली भाकरी ओढली. मी छत्री उगारली.

"ओ बाई! मारू नगा. देवीचं हाय ते!" किराणा दुकानातून माणूस ओरडत आला.

त्यानं सांगितलं ते असं. ह्या गावात जत्रेला बकरं कापत नाहीत. नवसाचं बकरं देवीपुढं आणतात, पाठीवर पाणी शिंपडतात, त्यानं अंग झाडलं की देवीला पावलं. मग कानावरचे केस कातरून सोडून देतात. मरेपर्यंत ते गावाचं. नैवेद्य पुरणाचा.

"म्हणजे गाव माळकरी?" मी विचारलं.

"छ्या! मटन ईटच्या बाजारातून आनतो की. पर गावात सुरी चालवायची न्हाय."

"का?"

"देवीला चालत न्हाय," तो म्हणाला, आणि बाजूला उभी असलेली बाई म्हणाली, "पूर्वीपासून तसंच हाय." खरं कारण दोघांनाही माहीत नव्हतं. नसीमा माझ्याकडं बघत होती. आम्हां दोघींना एकच गोष्ट सुचली होती, पण ती बोलायला जीभ रेटेना.

दत्तोबांचं, म्हणजे हाजराबीच्या दत्तूदादाचं, घर गावाच्या कडेला, रानाला लागून. सून मालनबाई अंगणात खवा घोटत होती. ह्या भागात घरोघर खवा होतो. आम्ही कोण, कुठल्या, हे न विचारता तिनं आधी पाट दिले आणि खव्याच्या पोळ्या वाढल्या. भिंतीवर लष्करी वेशातला फोटो होता. कॅम्पानंतर दत्तोबा फौजेत गेले आणि दोन लढाया करून पेन्शनीवर आले. आमच्याकडं घरागणिक फौजी असल्यामुळं असे फोटो बघत मी वाढले. काका-मामा लढाईच्या गोष्टी सांगायचे त्या बर्फाच्या, रमच्या, खेचराच्या. माणूस मारल्याची गोष्ट कुणी सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही.

नव्वदी कधीच ओलांडलेले दत्तोबा खाटेवर ताठ बसले होते. नसीमानं आडपडदा ठेवला नाही. "आबा, मी इमाम मुलाण्यांची पणती लागते. हाजराबी तामलवाडीला आहे. तिनं विचारलंय, अब्बा कुठं आहेत."

मालनबाईच्या हातातलं ताट खाली ठेवलं गेलं. म्हाताऱ्यानं नसीमाच्या तोंडाकडं पाहिलं.

"हाजरा जित्ती हाय?" ते म्हणाले. "तिची मोठी बहीन व्हती, आन् एक तान्हं."

"दोघंही गेली. ती एकटी आहे."

"विचाराया लई उशीर केला." मग त्यांनीच मान हलवली. "न्हाय. सांगाया म्या उशीर केला."

मग ते बोलले, एखादा जवान साहेबापुढं रपट देतो तसे सरळ, पुढं बघून. "आमी मारलं त्यास्नी. गोळी दुसऱ्यानं झाडली, तो गेला कवाच. बंदूक माज्या बी हातात व्हती. सुऱ्या दिसल्या तवा टोळीतली पोरं म्हनली, हा बगा रजाकार. ती पोरं परगावची. त्येंना काय ठावं? मला ठावं व्हतं. त्याच सुरीचं खाऊन वाढलो व्हतो म्या. इमाममामानं माज्याकडं बगितलं. म्हनले, 'दत्तू, सांग की रं.' येवडंच. अन् मला भाऊ दिसत व्हता, येशीत पडल्याला. म्या गप बसलो. गोळी त्याची, पर गप बसनं माजं व्हतं."

"नंतर लढाया केल्या," ते थांबून म्हणाले. "तितं समोरच्याच्या हातात बी बंदूक व्हती."

मालनबाई पदर तोंडाला लावून उभी होती. इतकी वर्षं ह्या माणसाला जेवायला वाढलं, आणि हे तिच्या कानावर आज पहिल्यांदा येत होतं.

त्यानंतरचंही दत्तोबांनीच सांगितलं. पुढच्या जत्रेला बकरं देवीपुढं उभं केलं, तेव्हा सुरी कोण धरणार हा प्रश्न आला. शेजारच्या गावचा मुलाणी आणावा असं कुणीतरी म्हणालं. दत्तोबांची आई, जिचा थोरला लेक रझाकारांनी मारला होता तीच, पुढं झाली आणि म्हणाली, मान ज्याचा होता त्याला तुम्ही खाल्लं, आता बकरं कशाला खाता? तिनं दावं सोडलं. त्या दिवसापासून कुणी सुरी उचलली नाही. म्हातारी माणसं मेली, कारण विसरलं, रीत राहिली. मला वाटतं, गावानं एकमेकांना कधी सांगितली नाही ती साक्ष गाव अशी देत आलं. मी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

"आणि ते कुठं आहेत?" नसीमानं पुन्हा विचारलं.

"माज्या रानात. बांधाला. रातच्याला वढ्यातनं म्या अन् आईनं गाडीत घालून आनलं. कबरस्तानाकडं मानसं हत्यारं घेऊन फिरत व्हती. जाळावं तर त्यायच्यात जाळत न्हाईत. पुराया पायजे. पर पुरत्यात कसं? म्या उभ्या जल्मात एकच पुरल्यालं बगितलं व्हतं, आमच्या शेजारचे लिंगायतांचे जंगमस्वामी. लई मानानं पुरलं व्हतं त्यास्नी. म्हून मग..." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "म्हून तसंच केलं. बसवलं. मांडी घालून. मीठ घातलं, भस्म लावलं, आईनं बेल वाहिला. फौजेत गेल्यावर मुसलमान जवान मातीत देताना बगितला, आडवा, कुशीवर. तवा कळलं, चुकलं म्हून. तवापासनं निजताना रोज मनात येतं. आपून पाठ टेकतो, अन् मामा बसूनच हाईत."

नसीमाचा रंग उतरला. कफन नाही, नमाज नाही, वर भस्म आणि बेल. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "नानीला हे कसं सांगू? सापडले नाहीत म्हणू का?" मी म्हणाले, "तिनं काय बजावलंय ते आठव." तिनं ओळखीच्या एका जाणत्या मौलवींना फोन लावला. ते म्हणाले, उकरू नका, दुआ आजही करता येते. पण नसीमाला मौलवींची नव्हे, नानीची धास्ती होती.

बांधावर

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर हाजराबीला गाडी करून आणलं. नसीमानं तिला फोनवर "जागा सापडली" एवढंच सांगितलं होतं. बाकीचं दत्तोबा म्हणाले, म्या सांगतो, ते माजं काम हाय. वेशीत गाडी थांबवून हाजराबी काही क्षण खाली उतरून उभी राहिली. गावातली माणसं दाराबाहेर आली होती. एका म्हातारीनं येऊन तिच्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं, माहेरवाशिणीच्या पायांवर घालतात तसं.

रानात छातीएवढी ज्वारी, आणि बांधाजवळ खाटेएवढा तुकडा नांगर न लागलेला. त्यावर दगड नाही, निशाण नाही, नुसतं गवत. काठीवर भार देऊन दत्तोबा तिथं आधीच उभे होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. हाजराबीच म्हणाली, "दत्तूदादा, म्हातारं झालात."

दत्तोबांनी सांगितलं. ओढा, सुऱ्या, गप बसणं, गाडी, मीठ, भस्म, बेल, आणि बसवणं. एकही शब्द त्यांनी गिळला नाही. नसीमानं माझा दंड असा धरला होता की तिची बोटं उमटली. मी हाजराबीकडं बघत होते. बापाला मारल्याचं दुःख तिनं कधीच पचवलं होतं. पण तो नीट मातीला मिळाला असेल, एवढी एक आशा धरून ती जगली होती.

ती खाली बसली. गवतावरनं हात फिरवला. रडली, आवाज न करता, भरपूर. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "तोंड कुनीकडं केलं व्हतं अब्बाचं?"

दत्तोबांना प्रश्नाचं मर्म कळलं नाही. त्यांना वाटलं, आता हिशेब सुरू झाला. खाली मान घालून ते म्हणाले, "गावाकडं. म्हनलं, आमच्या तोंडाकडं बगत ऱ्हावं त्यायनी. आमाला विसर पडू नये."

मी गावाकडं पाहिलं. देवळाच्या शिखरामागं सूर्य उतरत होता. गाव रानाच्या पश्चिमेला होतं. मुसलमान माणसाला मातीत ठेवताना त्याचं तोंड ज्या किबल्याकडं करतात, तोही आपल्याकडून पश्चिमेलाच. भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला, पण दिशा बघून अंगावर काटा आला तो त्याच दिवशी.

हाजराबीनं पदर सारखा केला, दोन्ही हात उघडे धरले आणि फातेहा म्हटला. माझ्यासारखी बडबडी बाईसुद्धा त्या वेळात ओठ मिटून होती. वारा ज्वारीतून जात होता तेवढाच.

झाल्यावर दत्तोबा म्हणाले, "हाजरा, मला माफी दे."

"ती म्या कशी देऊ?" ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचार करून. "जीव माजा गेला न्हाय. अब्बाला मागा."

दत्तोबांनी मान हलवली, जणू योग्य तो हुकूम मिळाला. मग ते सुनेकडं वळले. "मालन, ऐक. पोरांना बी सांग. म्या मेल्यावर मला जाळू नगा. हितंच पुरा. बसवा. मामाच्या समूर, तोंडाला तोंड करून. मला जबाब द्यायचा हाय."

मालनबाई "आबा, असं काय बोलता" म्हणून रडायला लागली. हाजराबी मात्र नांगर न लागलेल्या त्या तुकड्याकडं बघत होती. मापं घ्यावीत तसं तिनं एकदा गवताकडं पाहिलं, एकदा मावळतीकडं.

"समूर नगं, दत्तूदादा," ती म्हणाली. "त्यायची दिशा अडंल. बाजूला बसा."